‘हो’ला ‘ओक’ म्हणणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा: येत्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये तुलूज आणि कार्कासोनला जायचं आहे. तिथल्या माहितीपुस्तिकांत जिथेतिथे ‘कॅथरांचा प्रदेश’ असं छापलेलं असतं आणि मधूनच ‘ऑक्सितान’ हा शब्द डोकावतो. तर हे ऑक्सितान कोण? ते आणि कॅथर एकच का? आणि फ्रान्सने त्यांचा नायनाट केला म्हणतात, ते कितपत खरं?

मी पंचवीसेक वर्षं जुन्या रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषा शिकवतो आहे आणि त्यातला मोठा वाटा त्रुबादूरांची, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन कवींची, गाणी वाचण्यात गेला. त्यामुळे उत्तर गाण्यांकडे कलणार, हे आधीच कबूल करून टाकतो.

पहिली गोष्ट नावाची. ११८० च्या सुमारास तुलूजच्या बाजारात एखाद्या विणकराला ‘तू ऑक्सितान का रे?’ असं विचारलं असतं, तर त्याला प्रश्नच कळला नसता. तो स्वतःला तुलूजचा म्हणाला असता, फार तर तुलूजच्या काउंटची रयत. त्याच्या दृष्टीने पश्चिमेकडचे ते गास्कन, रोन नदीपलीकडचे ते प्रोव्हान्सचे. बोलतोस काय, असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ‘रोमान्स’, म्हणजे पाद्र्यांची लॅटिन नव्हे ती, आपली घरातली. कवितेच्या भाषेला जाणकार ‘लेमोझी’ म्हणत आणि इटलीतले लोक ‘प्रोव्हेन्साल’. ‘ऑक्सितान’ हा शब्द रूढ झाला तो तेराव्या शतकाच्या शेवटाकडे आणि चौदाव्यात, फ्रेंच राजाच्या कारकुनांच्या लॅटिन कागदांतून. मुलूख हाती आल्यावर त्याला दप्तरात काहीतरी नाव द्यायला हवं होतं, ते त्यांनी भाषेवरून दिलं. म्हणजे या लोकांना एक नाव मिळालं ते हरल्यावर आणि तेही जिंकणाऱ्यांच्या वहीत.

नावाचं मूळ मात्र गोड आहे. लॅटिनमध्ये ‘होक’ म्हणजे ‘हे’. दक्षिणेत कुणी काही विचारलं की होकार देताना ‘हेच’ या अर्थाने ‘ओक’ म्हणायचे. उत्तरेत त्याच ‘होक’ला ‘तो’ या अर्थाचा शब्द चिकटला, ‘ओईल’ झालं आणि त्याचंच झिजून आजचं फ्रेंच ‘वी’. इटालियन कवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला भाषांची वाटणी याच खुणेवर केली: ओकवाले, ओईलवाले आणि ‘सी’ म्हणणारे इटालियन. लांगदॉक या प्रांताचं नावही तेच सांगतं, ‘ओकची भाषा’.

ही भाषा आजच्या फ्रान्सच्या साधारण दक्षिणेकडच्या तिसऱ्या हिश्श्यात बोलली जायची. लिमुझँ, ऑव्हेर्न्य, गास्कनी, लांगदॉक, प्रोव्हान्स, शिवाय पिरेनीजमधलं आरान खोरं (ते आज स्पेनमध्ये आहे) आणि इटलीच्या बाजूची आल्प्समधली काही खोरी. फ्रेंचपेक्षा ती बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेला कितीतरी जवळची. कातालान कवी तर पिढ्यान्‌पिढ्या कविता लिहायच्या त्या याच भाषेत, असं मानून चालले होते.

एवढ्या मुलखाचा एक राजा कधीच नव्हता. तुलूजच्या काउंटचं घराणं मोठं. पहिल्या धर्मयुद्धाचा एक नेता, सां-जीलचा रेमाँ, याच घरातला. पण त्याच्या अंगणातच बेझिये आणि कार्कासोनचे त्रांकाव्हेल सरदार बसलेले, त्यांचा ओढा कधी तुलूजकडे तर बराच काळ बार्सिलोनाकडे. पश्चिमेला आकितेनचा ड्यूक, आणि ती जहागीर पुढे लग्नसंबंधातून इंग्लंडच्या राजाकडे गेली. प्रोव्हान्स कागदोपत्री जर्मन सम्राटाचं. फ्रान्सचा राजा सगळ्यांत वर, पण पॅरिसमध्ये, म्हणजे लांब. त्यात इथली वारसाहक्काची रीत अशी की जमीन एकट्या थोरल्याकडे न जाता मुलांत वाटली जायची, अनेकदा मुलींनाही वाटा मिळायचा. दोन-तीन पिढ्यांत एकेका किल्ल्याला तीस-तीस सहमालक. सातबाऱ्यावर तीस नावं असली की काय होतं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. भाऊबंदकी, गहाणवटी, छोट्या लढाया हे सगळं तिथे होतं. एकाच हुकमाखाली फौज उभी राहणं मात्र अवघड, आणि पुढे १२०९ मध्ये उत्तरेकडून धर्मयुद्ध चालून आलं तेव्हा तेच नडलं.

पण याच रीतीमुळे एखादी एर्मेन्गार्दही शक्य झाली. नार्बोनची ही व्हायकाउंटेस बाप लढाईत पडल्यावर लहान वयात गादीवर आली आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिने राज्य केलं. न्यायनिवाडा केला, तह केले, वेढ्यात सैन्य नेलं. तिच्या दरबारी असलेला कवी पेइरे रोजिएर गाण्यात तिला ‘तोर्त नावेत्स’ म्हणायचा, म्हणजे ‘चूक तुमचीच आहे’. आश्रयदात्रीला असं टोपणनाव देणाऱ्या दरबारात काय मोकळीक असेल, याचा अंदाज या दोन शब्दांवरून येतो.

आता गाणी. ज्याची रचना आपल्यापर्यंत आली असा पहिला त्रुबादूर म्हणजे आकितेनचा ड्यूक नववा गीलेम (१०७१ ते ११२६). हा भटका गवई नव्हता, फ्रान्सच्या राजाहून अधिक जमीन बाळगणारा सरदार होता. त्याचं एक गाणं आहे, ‘मी निव्वळ काहीच नाही यावर कवन करणार’. ना स्वतःविषयी, ना दुसऱ्या कुणाविषयी, ना प्रेमाविषयी. आणि वर सांगतो की हे मला घोड्यावर झोपेत सुचलं. वर्गात हे पहिल्यांदा वाचलं की पोरं हसतात, मग गप्प होतात. युरोपातल्या लोकभाषेतल्या प्रेमकवितेची ज्ञात सुरुवात ज्या माणसापासून होते, तो कवितेच्या संकेतांची थट्टा आधीच करून बसलेला! याचा अर्थ त्याच्या मागेही गाणी असणार, जी कुणी लिहून ठेवली नाहीत.

त्रुबादूर हा शब्द ‘त्रोबार’पासून आला, त्याचा अर्थ शोधणं, आणि त्यावरून रचणं. शब्द आणि चाल दोन्ही एकाच माणसाची. ती गात हिंडणारा तो ‘जोग्लार’. तो बहुधा दुसरा कुणी असायचा, पोटासाठी गाणारा. सुमारे अडीच हजार गाणी शिल्लक आहेत, कवी चारशेहून जास्त, पण चाली टिकल्या त्या दहातल्या एखाद्याच गाण्याच्या. प्रकारही ठरलेले: प्रेमाचं ते ‘कान्सो’, टीकेचं किंवा राजकारणाचं ते ‘सिरव्हेन्तेस’, दोघांच्या वादाचं ते ‘तेन्सो’, मृत्यूवरचा विलाप तो ‘प्लान्य’, आणि पहाट झाली, पहारेकऱ्याने हाक दिली, आता प्रियकराला निघायला हवं, ती ‘आल्बा’.

ज्याला हे कवी ‘फिनामोर’ म्हणत, म्हणजे कसाला उतरलेलं प्रेम, त्याबद्दल फार गुळचट लिहिलं जातं. ‘कोर्टली लव्ह’, म्हणजे दरबारी प्रेम, ही संज्ञा ज्या फ्रेंच शब्दांचं भाषांतर आहे, ते शब्द १८८३ मध्ये गास्ताँ पारी या पंडिताने चालू केले. त्रुबादूरांना ती कल्पना या साच्यात माहीत नव्हती. त्यांच्या गाण्यात एक विवाहित, वरच्या घरातली स्त्री असते, जिला कवी ‘मिदोन्स’ म्हणतो. हा शब्द चमत्कारिक आहे, त्याचा धडधडीत अर्थ ‘माझा धनी’. सरदारापुढे गुडघे टेकून इमान वाहायची जी भाषा, तीच उचलून बाईपुढे ठेवलेली. भोवती ‘लाउझेन्जिएर’, म्हणजे कान भरणारे चहाडखोर, आणि ‘जिलोस’, म्हणजे मत्सरी नवरा. स्त्रीचं खरं नाव कधीच घ्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा गुण ‘मेझुरा’, म्हणजे आपलं माप ओळखून वागणं. प्रत्यक्षात किती प्रेमं जुळली हे शोधण्यात मला रस नाही. दरबारात दहा तरुण आहेत, जमीन एकालाही नाही, सगळ्यांना मालकाची मर्जी हवी आहे. तिथे वाट बघणं, बोलणं आणि राग गिळणं शिकवणारा हा खेळ होता, आणि खेळणारे तो मनापासून खेळत.

बेर्नार्त दे व्हेन्तादोर्नचं चंडोलाचं गाणं मात्र खेळाच्या पलीकडे जातं. चंडोल सूर्यकिरणांच्या दिशेने पंख मारत वर जातो, हर्षाने स्वतःला विसरतो आणि पंख मिटून खाली झेपावतो; ते पाहून कवी म्हणतो, असा आनंद बघितला की दुसऱ्याचा हेवा वाटतो आणि माझं काळीज वितळत कसं नाही याचंच नवल. याची चालही टिकली आहे. बेर्नार्तच्या जुन्या चरित्रटिपणात तो किल्ल्यातली भट्टी पेटवणाऱ्या नोकराचा मुलगा होता असं लिहिलंय. अभ्यासकांचा त्यावर भरवसा नाही, पण भट्टीवाल्याचा पोरगाही या कलेत वर चढू शकतो हे त्या काळच्या लोकांना पटत होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

स्त्रियाही रचत. त्रोबाइरित्स म्हणून वीसेक नावं सापडतात. त्यांतली दिआची काउंटेस माझी आवडती. ‘जे गायला नको होतं तेच गावं लागतंय’ अशी तिच्या गाण्याची सुरुवात. माझ्या रूपाचा, कुळाचा, शहाणपणाचा त्याला काही उपयोग नाही, तो माझ्याशी ताठ्याने वागतो, असं ती सगळ्यांसमोर सांगते. दुसऱ्या एका गाण्यात तर नवऱ्याच्या जागी आपला शिलेदार एक रात्र कुशीत असता तर, असं सरळ म्हणून टाकते. पुरुषांच्या गाण्यातली मिदोन्स मौन आणि मूर्तीसारखी. इथे ती स्वतः बोलते, आणि तिला मूर्ती व्हायची हौस नसते.

शिवाय बेर्त्रान दे बोर्न विसरू नका. वसंत आला, फुलं आली म्हणून सुरुवात करतो आणि दोन ओळींत फुटलेली शिरस्त्राणं आणि खंदकातली प्रेतं बघून हरखतो. दान्तेने त्याला नरकात स्वतःचं तुटलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून चालायला लावलंय. ऑक्सितान संस्कृती म्हणजे नुसती नाजूक प्रेमाची आणि सहिष्णुतेची, असं कुणी सांगू लागलं की मी बेर्त्रान काढतो.

सहिष्णुतेचंही तसंच. नार्बोन, लुनेल, मोंपेलिये इथे ज्यू विद्वानांची मोठी केंद्रं होती. लुनेलच्या पंडितांसाठी सॅम्युएल इब्न तिब्बोनने ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीसचा मुख्य ग्रंथ अरबीतून हिब्रूत आणला, तो १२०४ मध्ये पूर्ण झाला. मोंपेलियेच्या सरदाराने ११८१ मध्ये कुणालाही वैद्यक शिकवायची मुभा देऊन टाकली. पण त्याच बेझियेमध्ये ईस्टरच्या आठवड्यात ज्यूंवर दगडफेक करायची रीत होती, ती ११६० मध्ये बंद झाली तीही ज्यूंकडून पैसे घेऊन.

आता कॅथर. अगदी सरळ सांगायचं तर कॅथर ही एक धार्मिक चळवळ आणि ऑक्सितान ही एका भाषेची माणसं. दोन्ही वर्तुळं थोडीशीच एकमेकांवर येतात. ‘कॅथर’ हा शब्दसुद्धा तिथले लोक वापरत नसत. ते म्हणत ‘बोन्स ओमेस’ आणि ‘बोनास फेमनास’, भली माणसं, भल्या बाया. हे लोक मांस, अंडी, दूध वर्ज्य मानत (मासे चालत), लग्नाला मानत नसत, शपथ घेत नसत. दृश्य जग चांगल्या देवाने नव्हे, दुष्ट तत्त्वाने घडवलं असं शिकवत. डोक्यावर हात ठेवून देण्याचा ‘कोन्सोलामेन’ हा त्यांचा एकमेव संस्कार, आणि साधे श्रद्धाळू तो बहुधा मरणशय्येवर घेत. त्यांची खरोखर संघटित अशी वेगळी चर्चव्यवस्था होती की ती चौकशी करणाऱ्या पाद्र्यांनी आपल्या डोक्याने जुळवली, यावर आज इतिहासकारांत कडाक्याचं भांडण आहे. माझं मत मधलं आहे: तेराव्या शतकात छळ सुरू झाल्यावर संघटना निश्चित दिसते, त्याआधीची मात्र बरीच ढगळ वाटते. बहुसंख्य ऑक्सितान मात्र कॅथलिकच होते. पण शेजारची भली बाई ही आपली आत्या किंवा मावशी असली तर तिला पकडून द्यायला ते तयार नव्हते.

रोमला नेमकं हेच खुपलं. जानेवारी १२०८ मध्ये पोपचा दूत पिएर दे कास्तेल्नो याचा खून झाला, संशय तुलूजचा काउंट सहावा रेमाँ याच्यावर, आणि तिसऱ्या इनोसंट पोपने ख्रिस्ती मुलखावरच धर्मयुद्ध पुकारलं. उत्तरेतले सरदार चाळीस दिवसांची चाकरी करून पापक्षालन मिळवायला आले; काही जमीन मिळवायलाही.

२२ जुलै १२०९ ला बेझिये पडलं. तिथल्या बिशपने तयार केलेल्या पाखंड्यांच्या यादीत दोनशे-सव्वादोनशे नावं होती. ‘एवढे आमच्या स्वाधीन करा, नाहीतर कॅथलिकांनी तरी शहर सोडा’ असा निरोप होता. शहराने दोन्ही नाकारलं. मोहिमेबरोबरचा पोपचा दूत आर्नो आमालरिक याने नंतर पोपला कळवलं की सुमारे वीस हजार लोक कापले. आकडा फुगवलेला असणार, पण तो अभिमानाने फुगवला आहे हे ध्यानात घ्या. ‘सगळ्यांना मारा, देव आपले ओळखून घेईल’ हे प्रसिद्ध वाक्य मात्र त्याच्या पत्रात नाही. ते एका जर्मन मठवासीयाने काही वर्षांनी, ‘असं म्हणाल्याचं सांगतात’ या सुरात लिहिलं.

पुढचं भराभर सांगतो. ऑगस्टमध्ये कार्कासोन शरण आलं, तिथला चोवीस वर्षांचा सरदार रेमाँ-रोजे त्रांकाव्हेल नोव्हेंबरात कैदेत मेला, त्याची जहागीर उत्तरेतल्या सीमाँ द मोंफोर या सरदाराला मिळाली. १२१० मध्ये मिनेर्व्हला १४० जण जाळले. पुढच्या वर्षी लाव्होरला सुमारे चारशे, आणि गावची मालकीण जिरोद हिला विहिरीत टाकून वरून दगड. १२१३ मध्ये आरागोनचा राजा (बार्सिलोनाही त्याचंच) दुसरा पेरे मेव्हण्याच्या, म्हणजे रेमाँच्या, मदतीला आला. वर्षभरापूर्वीच स्पेनमध्ये मुस्लिम फौजेवर विजय मिळवलेला हा पक्का कॅथलिक राजा म्युरेच्या लढाईत ठार झाला. माझ्या मते खरा निकाल तिथेच लागला. बार्सिलोनाकडे तोंड करून असलेला हा मुलूख त्या दिवसानंतर पॅरिसकडे ओढला गेला.

या युद्धावर ऑक्सितानमध्येच एक लांबलचक पद्यकथा आहे, साडेनऊ हजारांवर ओळींची. तिची गंमत अशी की सुरुवात करणारा गिल्येम दे तुदेला धर्मयोद्ध्यांच्या बाजूचा आणि पुढे लेखणी हाती घेणारा अनामिक कवी तुलूजचा कडवा पाठीराखा. या दुसऱ्याचा लाडका शब्द ‘पाराज्ये’. मूळ अर्थ कुलीनपणा, पण त्याच्या हातात तो वाढत जातो. जे आपलं आहे ते आपल्याकडे असणं, दिलेला शब्द, मोकळा हात, एकमेकांची बूज, सगळं त्यात येतं. धर्म धोक्यात आहे असं तो म्हणत नाही, पाराज्ये बुडतं आहे म्हणतो. हे लोक स्वतःला काय समजत होते, याचं याहून जवळचं उत्तर मला सापडलेलं नाही. २५ जून १२१८ ला तुलूजच्या वेढ्यात मोंफोर मेला. कवी सांगतो की तटावरचं दगडफेकी यंत्र बाया-पोरी चालवत होत्या आणि दगड ‘जिथे पाहिजे होता तिथेच’ आला.

तरी शेवट बदलला नाही. १२२९ च्या तहात सातव्या रेमाँला आपली एकुलती मुलगी फ्रेंच राजाच्या भावाला द्यावी लागली आणि तुलूजमध्ये नव्या विद्यापीठाच्या शिक्षकांचा पगारही भरावा लागला, म्हणजे आपल्याच प्रजेला योग्य धर्म शिकवण्याचा खर्च त्याच्याच खिशातून. १२३३ पासून पाखंडी हुडकणारे डोमिनिकन पंथाचे चौकशी अधिकारी आले. मार्च १२४४ मध्ये मोंसेग्यूर या किल्ल्याच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक जण जाळले. १२७१ मध्ये ती मुलगी, जान, आणि तिचा नवरा काही दिवसांच्या अंतराने निपुत्रिक वारले आणि तुलूज फ्रेंच राजाचं झालं.

नायनाट झाला का? लोकांचा नाही, भाषेचाही नाही. कवींना पोसणारे दरबार मात्र मोडले. कवी आरागोन, कास्तील आणि इटलीकडे गेले. त्यांच्या गाण्यांच्या हस्तलिखितांपैकी कितीतरी इटलीत, विशेषतः व्हेनिसच्या आसपास लिहिली गेली. परागंदा झाले नसते तर कदाचित यातलं फारसं काही हाती लागलं नसतं. दान्तेने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त आर्नाउत दानिएल या त्रुबादूराला पर्गेटरीत, म्हणजे पापं फेडण्याच्या लोकात, भेटवलं तेव्हा आठ ओळी इटालियन सोडून ऑक्सितानमध्ये लिहिल्या; त्या महाकाव्यात एवढा मान दुसऱ्या कुठल्या परक्या लोकभाषेला मिळालेला नाही. शेवटचा त्रुबादूर म्हणतात तो गिराउत रिकिएर १२९२ मध्ये लिहितो, ‘मी फारच उशिरा, शेवटच्यांत आलो’. १३२३ मध्ये तुलूजच्या सात रसिकांनी काव्यस्पर्धेसाठी मंडळ काढलं, बक्षीस सोन्याचं व्हायोलेटचं फूल. कविता मात्र बहुतेक व्याकरणशुद्ध आणि निर्जीव. बाजारात, कोर्टात, खरेदीखतात भाषा आणखी दोन शतकं तगली. १५३९ मध्ये राजाने सगळे सरकारी कागद फ्रेंचमध्ये करायचा हुकूम काढला तेव्हा ती तिथून हटू लागली.

साध्या माणसांविषयी कळतं ते त्यांच्या छळणाऱ्यांमुळे. पामियेचा बिशप जाक फूर्निये (पुढे हाच पोप झाला) याने १३१८ ते १३२५ या काळात मोंतायू या डोंगरी गावातल्या लोकांच्या जबान्या इतक्या बारकाईने घेतल्या की आज आपल्याला तिथल्या बाया उन्हात बसून उवा काढता काढता काय गप्पा मारायच्या, मेंढपाळ कळप घेऊन पिरेनीज ओलांडून कुठे जायचे, हे ठाऊक आहे. बोलले ते ऑक्सितानमध्ये. लिहून घेतलं लॅटिनमध्ये.

जाताय तर एवढं लक्षात ठेवा: केरिब्यूस, पेरपेर्त्यूज हे ज्यांना ‘कॅथर किल्ले’ म्हणून दाखवतात, त्यांच्या आज दिसणाऱ्या भिंती बव्हंशी फ्रेंच राजाने जिंकल्यानंतर आरागोनच्या सरहद्दीवर बांधलेल्या आहेत. कार्कासोनचा तट एकोणिसाव्या शतकात डागडुजी करून उभा केलेला; सुंदर आहे, पण मनोऱ्यांची टोकदार छपरं बघून फार हुरळू नका. अल्बीचं विटांचं कॅथेड्रल मात्र चुकवू नका. १२८२ मध्ये सुरू केलेली ही इमारत बाहेरून देवळापेक्षा गढी वाटते, आणि ती कुणाला धाक घालायला बांधली हे विचारावं लागत नाही.

आणि तुलूजला मेट्रोत बसाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून घोषणा ऐका. स्थानकाचं नाव आधी फ्रेंचमध्ये येतं, ‘कापितोल’. मग दुसरा आवाज तेच पुन्हा सांगतो, शेवटी एक स्वर जास्त लावून: ‘कापितोली’.